पाच विटांची बाई

उदगीरला देगलूर रस्त्यावर एक पत्र्याचं शेड होतं आणि त्याच्या दारात कायम सात विटा रचलेल्या असायच्या. बांधकामातून उरलेल्या नव्हेत. धुतलेल्या, कडा घासून सारख्या केलेल्या. नवखा माणूस हमखास त्यांवर टेकायचा आणि आतल्या ठिणग्यांमधून आवाज यायचा, "ओ पावनं, उठा. माप हाय ते."

शेडचा मिस्त्री तसा वेल्डिंगचं सगळंच करायचा. ट्रॉलीचा फाळका, खिडकीची जाळी, देवळाचं दार. पण त्याचा जीव होता पायदानात. उंच गाड्यांच्या दाराखाली चढायला जी पायरी लावतात ना, ती. माझा मुलगा राजू तिला साईड स्टेप म्हणतो. लोक मोबाइलवर चित्र आणायचे, पुढे करायचे, "अशी पाहिजे." मिस्त्री त्या चित्राकडे बघायचाही नाही.

"गाडी ऱ्हाऊ द्या बाजूला. घरात समद्यात म्हातारं कोन हाय?"

"आजी आहे. का हो?"

"तिला आना."

गिऱ्हाईक भडकायचं. पायदान गाडीला लावायचं, आजीला नाही. मिस्त्रीचं म्हणणं नेमकं उलटं. तरणा माणूस चाकावर पाय देऊनबी चढतो, तेला पायरी कशाला, असं तो म्हणायचा. एकदा लातूरहून एक जण नवी कोरी, डोंगरात चालणारी गाडी घेऊन आला. म्हणाला, "घरी आजोबा आहेत, पण ते गाडीत बसतच नाहीत." मिस्त्रीनं हातातली पकड खाली ठेवली. "का बसत न्हाईत, तेच तर बघू." आणि त्या शहाण्याला लातूरला परत पाठवलं. तो शिव्या घालत गेला आणि चौथ्या दिवशी आजोबांना घेऊन आला. आजोबांना गाडीचा राग नव्हता. चढताना धोतर सुटायची भीती होती. मिस्त्रीनं त्यांना दोन पायऱ्या दिल्या आणि आतून धरायला एक कडी. पुढे ते आजोबा म्हणे घरी सापडेनासे झाले.

चढायचं माप तो विटांवर घ्यायचा. गाडीच्या दाराशी एक वीट, मग दोन, मग तीन. "उचला पाय. आता अजून एक. हां, साकु." साकु म्हणजे कन्नडात पुरे. लोखंडाशी तो हिंदीत बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठीत, बायकोशी कन्नडात आणि बायको ऐकेनाशी झाली की तेलुगूत. माप झालं की शेडच्या लाकडी दारावर खडूनं रेघ ओढायची आणि शेजारी खूण करायची. नाव लिहीत नसे. कुणाची खूण टोपी, कुणाची चष्मा, कुणाची तंबाखूची चंची. माणसंही त्याच्या लेखी विटांचीच होती. रस्त्यानं कुणी जाताना दिसलं की म्हणायचा, "चार विटा चालल्या बघा बाजाराला. गेल्या साली पाच होत्या." आपल्या घरांत भिंतीवर पोरांच्या उंचीच्या रेघा वर वर चढत जातात. ह्याच्या दारावर त्या दरसाल खाली उतरायच्या आणि ते त्याला जराही वाईट वाटायचं नाही. "उतरंना का," म्हणायचा. "मानूस चढला पायजे."

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला लाज वाटायला पाहिजे. पण सत्तरीत लाज वाटून घ्यायला वेळ कुणाला आहे?

मी सव्वीस वर्षांची, नवी कोरी शिक्षिका. मुखेडच्या पुढे एका खेड्यात शाळा. एसटी दिवसातून दोनदा, ती पण मनात आलं तर. म्हणून मुखेडच्या स्टँडवरून काळीपिवळी जीप. मी खळ घातलेली साडी नेसायची, चप्पल टाचेची, काखेत पर्स, आणि नाक असं वर की पाऊस आला असता तर आत शिरला असता. माहेर माझं देवणीचं. पण बोलायची अशी, जणू मी पुण्यात जन्मले आणि कुणीतरी चुकीच्या गाडीत बसवून इकडे पाठवली.

एका सकाळी जीपच्या मागे एक काळासावळा, विशीतला पोरगेला वेल्डर उकिडवा बसलेला. मालकानं मागच्या बाजूला नवं पायदान लावायला सांगितलं होतं. मी गेले, तर तो म्हणाला, "बाई, पाय उचला जरा."

भरल्या स्टँडवर! मी ताठ झाले.

"काय म्हणालात?"

"पाय उचला. कुठवर जातोय बघतो. पायदान बसवून राहिलो."

"तुम्हाला बोलायची काही रीत आहे की नाही? मी शिक्षिका आहे."

"मंग तर रोजच चढनार की तुमी," तो म्हणाला.

माणसं हसली. मी लालबुंद. त्याला दोन वाक्यं शुद्ध मराठीत ऐकवली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. माझ्यामागे उभ्या असलेल्या बायका पण मग पुढे आल्या नाहीत. बाईंनी नाही म्हटल्यावर आपण कसा पाय उचलायचा? शेवटी त्यानं ड्रायव्हरचं माप घेतलं. ड्रायव्हर सहा फुटी.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी पुढची सीट भरलेली होती म्हणून मी मागून चढायला गेले. पायदान माझ्या मांडीला लागत होतं. मी पाय टाकला, साडीचा फॉल टरकन फाटला आणि मी मागच्या मागे एका बाईच्या वांग्यांच्या पाटीत बसले. अगदी नीट, मांडी घालून बसावं तशी. ती बाई म्हणाली, "बाई, शाळा तिकडं हाय. माज्या पाटीत न्हाई."

पुढची दोन वर्षं त्या मार्गावरच्या सगळ्या बाया एकमेकींचे हात ओढत त्या जीपमध्ये चढल्या. माझ्या मिजाशीपायी. मी मात्र तो वेल्डर किती अडाणी आहे हेच सगळ्यांना सांगत फिरले.

तीस-बत्तीस वर्षांनी मी निवृत्त झाले. शाल, नारळ, दोन भाषणं. आणि मी राहिले उदगीरच्या घरात, माझ्या देवणी गायी राहिल्या रानात. लग्नात माझ्या वडिलांनी एक कालवड आंदण दिली होती, अंग पांढरं, तोंड काळं. तिच्या लेकी, नाती, पणत्या मिळून तेव्हा सहा गायी होत्या. यजमान होते तोवर आम्ही दोघं जुन्या बुटक्या जीपमधून दर गुरुवारी जायचो. यजमान गेले, जीप विकली गेली. रानाचा रस्ता म्हणजे आधी काळी माती, मग दगडांचा ओढा, मग माळ. राजूनं हौसेनं एक उंच गाडी घेतली, चारही चाकं ओढणारी. ओढ्यात ती बकरीसारखी चढायची. अडचण एकच. तिच्यात मी बकरीसारखी चढू शकत नव्हते.

राजू वाईट नाही. कारभारी आहे, हे त्याचं दुखणं. म्हणाला, "आई, बिदरकडचे एक जण गायी घ्यायला तयार आहेत. चांगल्या सांभाळतील."

"माझ्या गायी मी सांभाळते."

"तुला जाता येत नाही आणि गड्यावर सोडून भागत नाही. दोन महिन्यांत दोन वासरं आजारी पडली. तुला दर गुरुवारी जाणं जमत असेल तर राहू देत. नाहीतर माणूस बोलावतो."

"जमतं," मी म्हणाले. "पायदान लाव फक्त."

असे आम्ही त्या शेडच्या दारात गेलो. मिस्त्रीचे केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मी त्याला ओळखलं, मुखेडच्या स्टँडवरचा तोच वेल्डर. त्यानं मला ओळखलं नाही असं मला वाटलं. बरं वाटलं.

राजूनं मोबाइल काढला. चकचकीत गोल पाइप, आरशासारखा. मिस्त्रीनं शेडमधून तसलाच एक जुना पाइप आणला, दोन ठोकळ्यांवर ठेवला, त्यावर मूठभर काळी माती आणि तांब्याभर पाणी ओतलं. "चढा सायब." राजू चढला आणि बुटासकट घसरून माझ्याच खांद्यावर आला.

मग राजूनं रुंद पाटाचं चित्र दाखवलं, गाडीच्या लांबीचा. मिस्त्री म्हणाला, "ह्याच्यावर आमची म्हातारी पापड वाळवंल. वड्यात पयल्या दगडाला उचकटून येतंय हे."

"मग दणकट चौकोनी सोटा लावा," राजू म्हणाला. "खाली सांगाड्याला बोल्टानं आवळलेला. गाडीचं पोट दगडापासून वाचलं पाहिजे. आणि फार खाली नको, क्लिअरन्स जातो."

क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर, हे मी तेव्हा शिकले.

"गाडीचं पोट वाचंल," मिस्त्री म्हणाला. "आईचं ढोपर?" आणि माझ्याकडे वळला. "बाई, पाय उचला."

तेच शब्द! आता मी सव्वीसची नव्हते, अठ्ठावन्नची होते. म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. पण शेजारी राजू उभा, त्याच्या तोंडात बिदरचा माणूस. आणि माझा डावा गुडघा वर्षभर जिन्यावर कुरकुरत होता हे मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी तीन विटांवर पाय ठेवला. "अजून," म्हणाले. चार. "अजून." पाच विटांवर पाय टाकला, दाराची मूठ धरली आणि हसत हसत वर गेले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हसू सोडलं नाही.

"बघितलंस?" मी राजूला म्हणाले.

मिस्त्री माझ्या पायाकडे बघतच नव्हता. मुठीवरच्या हाताकडे बघत होता. बोटं पांढरी पडली होती. त्यानं दारावर पाच विटांवर रेघ ओढली, शेजारी खूण म्हणून खडूच्या तुकड्याचं चित्र काढलं आणि म्हणाला, "परवा या."

परवा सोटा लागलेला होता, पाच विटांच्या उंचीवर, वर खरखरीत पत्रा. छान काम. सोट्याच्या मागे मात्र जाड काळ्या रबराची गुंडाळी तारेनं बांधलेली होती.

"हे काय?"

"चिखल उडू नये म्हनून," मिस्त्री म्हणाला.

मी मान डोलावली. मुलांना बत्तीस वर्षं "पडताळा करून बघा" म्हणून ओरडणारी मी.

भादव्यातला गुरुवार होता. राजूनं बिदरच्या माणसालाही रानात बोलावलं होतं. नुसतं बघून जाऊ दे, म्हणाला. घरी मी ओट्यावरून गाडीत बसले होते; रानात उतरले ती एकदम झोकात. उतरताना माणूस पडला तरी खालीच जातो. गायी बघितल्या, गड्याला रागे भरले, वासराच्या कानातल्या गोचड्या काढल्या. बिदरचा माणूस मागे मागे फिरत होता, गायींच्या पाठीवर हात फिरवत होता, जणू आत्ताच दावं सोडणार. निघायची वेळ झाली. सोट्यावर पाय टाकला, मूठ धरली, जोर लावला. गुडघा म्हणाला, नाही.

ना वर, ना खाली. एक पाय सोट्यावर, एक चिखलात, दोन्ही हात दाराला. घोरपडीसारखी चिकटून राहिले. राजू मागे आला. बिदरचा माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, "आजीबाईंना दोघं मिळून उचला की. ह्या वयात कशाला रानात यायचं? आता घरी बसून नाव घ्यावं देवाचं."

आजीबाई! तोवर मला कुणी आजी म्हटलं नव्हतं. राजूनं त्या माणसाकडे बघितलं, त्या माणसानं गायींकडे. मला समजलं, आता मला ह्यांनी उचलून आत ठेवलं की गायी गेल्या. उचललेल्या बाईला पुढे कुणी काही विचारत नाही.

"हात लावशील तर याद राख," मी राजूला म्हणाले. पाय खाली घेतला, तशीच लंगडत गोठ्यात गेले आणि पेंडीच्या पोत्यावर बसले. "मिस्त्रीला घेऊन ये. तोवर मी इथून हलत नाही."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. आणि तुम्ही," मी बिदरच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही पण थांबा. देवाचं नाव घ्या तोवर."

राजू पाय आपटत गेला. दीड-दोन तास मी त्या पोत्यावर. समोर बाभळीखाली बिदरचा माणूस. मधे गायी रवंथ करत. मनात मात्र माझी तंतरली होती. मिस्त्री नाही आला तर? आला आणि म्हणाला दोन दिवस लागतील, तर?

मिस्त्री आला तो हातात एक पाना आणि एक पकड घेऊन. बस्स.

"अहो, वेल्डिंगचं सामान कुठंय?"

"कशापायी?"

तो सोट्याजवळ बसला, पकडीनं तार तोडली. रबराची गुंडाळी धप्पकन खाली उलगडली. दोन जाड पट्टे आणि त्यांच्यामध्ये खरखरीत पत्र्याची एक पायरी. पान्यानं दोन बोल्ट आवळले. पायरी जमिनीपासून बरोबर तीन विटांवर लोंबत होती.

मी बघतच राहिले. "हे तर चिखलासाठी होतं ना?"

"तुमी पाच विटा म्हनलात, मी चिखल म्हनलो," मिस्त्री म्हणाला. "फिट्टंफाट."

"मग त्याच दिवशी का नाही सोडलीत खाली?"

"बाई, मुखेडच्या स्टँडवर तुमाला पाय उचला म्हनलो, तर तुमी मला रीत शिकवली." म्हणजे सगळं आठवत होतं ह्याला! "आता पाय कमी उचलतोय म्हनलो असतो, तर गाडी घेऊन दुसऱ्या दुकानात गेला असता. आन तिथं तुमाला पाचच विटा भेटल्या असत्या."

राजूनं लोंबती पायरी पायानं ढकलून बघितली. "ही ओढ्यात पहिल्याच दगडाला तुटेल."

"तुटत न्हाई, दुमडती. डाळमिलचा पट्टा हाय. वीस वरसं तुरी वर उचलल्यात ह्यानं. तुमची आई काय तेच्यापेक्षा जड हाय?"

मी रागवायचं की नाही हे ठरवत असतानाच पाय टाकला. पायरी जरा झोका दिल्यासारखी हलली, मग धरली. एक, दोन, आणि मी आत. मुठीवरची बोटं पांढरी झाली नाहीत. मिस्त्री त्यांच्याकडेच बघत होता. मी काच खाली घेतली.

"या आता तुम्ही," मी बिदरच्या माणसाला म्हटलं. "गडी चहा करेल, घेऊन जा. गायी राहतील."

परतताना ओढ्यात खडाक् आवाज झाला. राजू उतरून बघून आला. पायरी मागे दुमडून पुन्हा सरळ झाली होती. मग त्यानं पुढचे दगड चुकवायचं सोडून दिलं. मिस्त्री मागच्या सीटवर घोरत होता.

नंतर मी जाता-येता त्याच्या शेडवर थांबायची. दारावरच्या पाच विटांच्या रेघेखाली त्यानं तीन विटांवर दुसरी ओढली होती, दोन्हींना खडूची एकच खूण. वरची पुसा म्हटलं तर पुसली नाही. "ऱ्हाऊ द्या. मिजासबी पायजे मानसाला," म्हणाला. एकदा मी पायरीखाली दुमडून तारेनं बांधलेली पट्ट्याची गुंडाळी बघितली आणि विचारलं, "आणि हे?"

"ते चिखलासाठी," तो म्हणाला.

शेवटचं बघितलं तेव्हा तो आपल्याच विटांवर बसला होता. मी ओरडले, "ओ पाहुणे, उठा. माप आहे ते!" तो हसला, पण उठला नाही. "हाव बाई. माझंच घेऊन राहिलो," म्हणाला. त्यानंतर दोनेक महिन्यांत गेला. शेडच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. दार तेच ठेवलंय, पण निळा रंग दिलाय.

बारा वर्षं झाली. गायी आता नऊ आहेत. गेल्या महिन्यात माझा उजवा गुडघाही डाव्याच्या पक्षात गेला आणि तीन विटांची पायरी मला जिन्याएवढी वाटू लागली. राजूच्या लगेच लक्षात आलं. तो बोलला प्रेमानंच. "आई, सत्तरी झाली. बारा वर्षं गेलीस, आता पुरे. त्या बिदरवाल्याचा मुलगा परवा विचारत होता."

मी उठले. अंगणात गेले, गाडीशेजारी पोतं अंथरलं आणि आडवी झाले. सून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. "काही नाही झालं," म्हटलं. "पकड आण."

पायरीखालची ती गुंडाळी बारा वर्षांच्या चिखलानं दगड झाली होती. चिखल खरवडला. आत तार. तार तोडली. पट्टा उलगडला आणि त्यातून खरखरीत पत्र्याची आणखी एक पायरी बाहेर पडली, गंजलेली, पण सरळ. जमिनीपासून जेमतेम एक वीट. गाडी चालताना वर अडकवायला तिला एक आकडापण जोडलेला होता.

दुसऱ्यांदा फसवलं मला त्या माणसानं. तीच थाप, त्याच शब्दांत. मी पोत्यावर पडल्या पडल्या इतकी हसले की सुनेनं राजूला हाक मारली.

राजू आला, त्यानं बघितलं. गुडघ्यावर बसून पायरी हलवून बघितली. "ही कधी लावली त्यांनी?"

"मी पाच विटांची होते तेव्हा."

त्यानं पायरीखाली हात घालून चाचपलं. मग म्हणाला, "पण आई, आता ह्याच्या खाली पट्टा उरलेला नाही."

ते मीही बघितलं होतं. काल गुरुवार होता. जाऊन आले. बिदरवाल्याच्या मुलाला निरोप धाडलाय की चहाला यावं. आणि पट्ट्याचं म्हणाल, तर उदगीरच्या डाळमिली अजून चालू आहेत.